आर्याजींची खुर्ची

मलकापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई खिडकीबरोबर चालत म्हणाली होती, "सुरतेत पहिल्यांदा विहार शोध. आपले लोक भेटतील." भेटले, आई. कोसाडच्या वसाहतीत, आत्याच्या मागच्याच गल्लीत. त्यांनी मला जेवढं वैतागवलं, तेवढं मी काम करते त्या पलसाण्याच्या मिलमधल्या शेठनंही नाही.

मलकापूरला कॉन्व्हेंट शाळेत कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायचे, आमच्या धम्मात बाई-पुरुष सारखे. विहारात सतरंज्या बाया टाकतात, खीर त्याच ढवळतात आणि माइक पुरुषांकडे असतो, हे तेव्हाही दिसत होतंच. पण ते घरचं होतं, म्हणून खुपलं नाही. इथं मी नवखी, मागच्या रांगेत बसते. तिथून सगळंच दिसतं.

यंदा वर्षावासाला बायांनी हट्टानं एका भिक्खुणीला बोलावलं. आम्ही त्यांना आर्याजी म्हणतो. साठी ओलांडलेल्या, अर्धं आयुष्य चीवरात गेलेल्या. पावसाळाभर रोज संध्याकाळी त्या धम्म समजावायच्या आणि दिवसभर साड्यांना टिकल्या लावून आलेल्या बाया न पेंगता ऐकायच्या. समारोपाचं प्रवचन त्यांचंच, असं ठरलं होतं.

समारोपाच्या दिवशी विहाराच्या कमिटीनं कुणाला न सांगता एका तरुण भन्तेजींना आणलं. मंडपवाल्याची लाल खुर्ची एकच. अध्यक्षकाका म्हणाले, "आर्याजी, तुम्ही खाली बसा. विनयाचा, संघाच्या शिस्तीचा नियम आहे. भिक्खुणी कितीही जुनी असो, भिक्खूला वंदन तिनंच करायचं."

"नियम जुना असंल, खुर्ची तर भाड्याची हाये," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. "दुसरी आणाले काय झालं होतं?"

आर्याजींनी वाकून वंदन केलं. माझ्या वयाच्या मुलाला. प्रवचनही त्यानंच केलं. विषय होता समता.

जेवणं झाल्यावर मी आर्याजींना विचारलंच, एरवी मी कुणाला काही विचारत नाही. "तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"नाही म्हटलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं. मग तुम्हाला शिकवलं कोणी असतं?"

मला हे उत्तर पटलं नाही. अजून पटत नाही. त्याच रागात मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. "काका, पुढच्या वर्षी समारोप आर्याजींचा. नाहीतर खीर कमिटीनं करायची."

"बेटा, काल आलीस तू इथं. आम्हाला सांगणार?"

"काल आले. पण आता कुठं जाणार नाहीये."

"शिका मंग खीर," मागून आत्या म्हणाली. "ढवळत राहा लागते, नाहीतर बुडाले लागते."

बाया हसल्या. काका "बघू" म्हणाले. म्हणजे काहीच म्हणाले नाहीत. मी दर रविवारी जाऊन विचारते, ते दर रविवारी बघू म्हणतात.

आई, तू फोनवर विचारतेस, घरी कधी येतेस. मी "कुठल्या?" म्हणाले आणि तुला वाईट वाटलं. पण ज्या जागेवर एवढं डोकं फिरतं, तिला मी दुसरं काय म्हणू? मलकापुरात मी कधीच कुणाशी भांडले नाही. तेही घर होतं की नाही, ते उन्हाळ्यात आल्यावर बघू.