झेंडूखालची पेटी

मायाचे वाडवडील जतकडच्या माळावर मेंढरं राखत. माया कुपवाडच्या एका लहान कारखान्यात कंप्युटरची पेटी राखायची. पत्रा दाबणारी प्रेस दांडा ओढून चालू होई. थांबवायला मात्र लाल बटण. त्याचा हुकूम हवेतून पेटीला जाई, पेटी तो प्रेसला सांगे. लाईट गेली तरी पेटी बॅटरीवर जागी.

पेटीचं वायरलेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ड्रायव्हरला, ही एकच रीत ठाऊक होती. मायानं आपलं आपण वाचून, चुकत-माकत त्यात दुसरा मोड घातला, नुसतं ऐकण्याचा. हवेत कुणाची गडबड आहे ते त्यातून कळे. पण त्या मोडमध्ये पेटी सगळं ऐके आणि कुणालाच काही सांगत नसे.

खंडेनवमीला काम बंद होतं. तिनं तो मोड लावून बघितला. परत फिरवणार, तोच कारखान्यात पूजेला आलेल्या आईनं, अंबूबाईनं, पेटीला कुंकू लावून झेंडूचा हार घातला.

"आई, थांब जरा..."

"पुजलेल्या हत्याराला हात लावतीस? एवढी शिकलीस आन् हे न्हाई कळत?"

प्रेस चालवणारा थोरला भाऊ रविराज हसला. "ऱ्हाऊ दे गं. पेटीलाबी सुट्टी हाय."

दसरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज कामावर गेला. माया चहा गाळत होती. कोनाड्यातल्या विळ्यावर कुंकू तसंच होतं. ते दिसलं आणि तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मोड फिरवलाच नव्हता.

कामगारांचे फोन फाटकावर जमा असत. तिनं स्कूटी काढली.

फाटकातच आवाज आला. धप्प. धप्प. मग एकदम काहीच नाही. ती आत धावली.

आत रविराज कोपरापर्यंत हात साच्यात घालून अडकलेला पत्रा काढत होता. "ये! तुझं बटण लय गुणी हाय. दाबलं की गप्प!"

मायानं वर पाहिलं. पंखा मंदावत थांबला. एकही दिवा लागलेला नव्हता. प्रेसचा दांडा मात्र ओढलेलाच होता.

"दादा, लाईट गेलीया! हात काढ!"

"आगं, निघालाच बघ..."

तिनं त्याचा सदरा धरून सगळ्या जोरानं मागं ओढलं. दोघं फरशीवर आदळले. वर पंखा हलला. प्रेस मोकळ्या साच्यावर आली. धप्प.

रविराजनं धडपडत उठून लाल बटण दाबलं. धप्प. पुन्हा दाबलं. धप्प.

सुकलेल्या झेंडूंतून पेटीचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. प्रत्येक हुकूम ती नीट ऐकत होती.