बातमीखालचा नंबर

मुदखेड स्टेशनसमोर चहा प्यायला ते रोज भेटतात. नांदेडच्या एका पेपरचे ते वार्ताहर. आपली बातमी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वाचताना मान डोलवायची, ही त्यांची खोड. मला त्याचं हसू यायचं.

परवा सकाळी वाचता वाचता त्यांचा फोन वाजला. पलीकडे जवळच्याच गावची नववीतली मुलगी होती. बालविवाहावरची त्यांची बातमी आणि तिच्याखाली दिलेला त्यांचा नंबर तिनं वहीत ठेवला होता. दुपारी तिचंच लग्न होतं.

त्यांनी चहा तसाच ठेवला, ग्रामसेवकांना आणि पोलिसांना फोन लावले आणि मला म्हणाले, "बसा मागं." गाडी सुसाट निघाली. भीती वाटत होती, पण इतका हुरूप मला कित्येक वर्षांत आला नव्हता.

पोचलो तेव्हा लग्न लागायचं होतं, मांडवात पंगत बसत होती. ग्रामसेवकांनी कायदा समजावला, पोलिसही आले. नवऱ्याकडची माणसं मुकाट्यानं उठून गेली. मुलीचा बाप वार्ताहरांकडं वळला.

"आता पेपरात छापून राहिले का साहेब? लई बदनामी होईल."

"हे न्हाई छापत. पोरगी धाव्वी पास झाली की छापतो, फोटोसकट."

हळदीच्या अंगानं दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, फोटो शाळेच्या ड्रेसवरचाच घ्या."