बजाबाईच्या ऑर्किडवरचा लाल कोळी

विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या मागं, भटारखान्याला लागून दोन खोल्या आहेत. तिथं बजाबाई आणि तिचा नवरा कोंडीबा राहतात. दोघं मूळची करमाळ्याकडची. तो कार्यालयाचा वॉचमन, ती झाडलोट करते. बजाबाई पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ. पण साधी गोष्ट सांगायची झाली तरी बसून सांगणं तिला जमत नाही. उभी राहणार, दोन्ही हात हलवणार, आणि ऐकणाऱ्यालाही उठवणार.

दोन वर्षांपूर्वी एका रिसेप्शननंतर सिद्धलिंगप्पा डेकोरेटरनं ऑर्किडच्या चार कुंड्या उकिरड्यावर टाकल्या. फुलं गळून गेली होती, नुसती जाड पानं उरली होती. बजाबाई झाडू टाकून धावली.

"अण्णा, जित्ती हायत की ही!"

"फुलंच गेली बजाक्का. आता काय करता त्याचं?"

"कसल्या रंगाची हुती?"

सिद्धलिंगप्पाला आठवेना. दर आठवड्याला चार स्टेज सजवणारा माणूस, त्याला कुठल्या कुंडीचं काय लक्षात राहणार! बजाबाईनं चारही कुंड्या उचलून खोलीतल्या खिडकीशी मांडल्या. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा: रंग कुठला?

दोन वर्षं फक्त पानं आली. कोंडीबा म्हणायचा, "एकदा भाजी तरी करून बघ." पण गेल्या डिसेंबरात एका कुंडीत पानाच्या बगलेतून हिरवं टोक निघालं. आधी तिला ते मूळ वाटलं. आठ दिवसांत त्यानं वर मान काढली आणि बजाबाई तशीच ओल्या हातांनी गेटपर्यंत पळत गेली.

"अवो, दांडी आली! फुलाची दांडी!"

त्या दिवशी आचाऱ्यापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना ती दांडी बघावी लागली. रंगावर नवराबायकोत पैज लागली. ती म्हणे जांभळा, तो म्हणे पिवळा.

फेब्रुवारीत दांडीवर आठ कळ्या धरल्या आणि नेमकं ऊन तापायला लागलं. एका सकाळी बजाबाईला पानं मळकट दिसली. हिरव्या रंगावर सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके. धूळ म्हणून पुसायला गेली, तर ठिपके जाईनात. पान उलटलं, तर खाली गंजासारखा तांबूस रंग आणि कळ्यांच्या देठापर्यंत गेलेलं बारीक जाळं.

तिनं कोंडीबाला दाखवलं आणि हॉल झाडायला गेली. दुपारी साखरपुडा होता. कोंडीबाला तिची तळमळ बघवेना. घरात झुरळं मारायचा स्प्रे होता. त्यानं तो पानांवर भरपूर मारला.

संध्याकाळी बजाबाई परतली तेव्हा एक पान भाजल्यासारखं काळपटलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन कळ्या पिवळ्या पडून गळाल्या.

"तुमाला कुनी सांगितलं हुतं?" ती ओरडली.

कोंडीबा खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू येस्तवर समदं साफ झालं आसंल. तू लई खुश हुशील."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि करमाळ्याला भावाला फोन लावला. सयाजी दरवर्षी वांगी लावतो. तिनं ठिपके, जाळं सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "आक्का, लाल कोळी हाय त्यो, पानातला रस पिनारी बारीक कीड. पांढऱ्या कागदावर पान झटक. ठिपके चालाय लागलं, की समज."

लग्नपत्रिकांना तिच्याकडं तोटा नव्हता. फोन चालूच ठेवून, एका पत्रिकेची कोरी बाजू धरून तिनं पान झटकलं. मिरीच्या भुकटीसारखे कण पडले आणि चालू लागले!

"चालत्यात रे! चालत्यात!" ती फोनमध्ये ओरडली.

"मग पुसून काढ. साबनाचं पानी कर, पातळ. वरून पूस, खालून तर पूसच. त्याला कोरडी ऊब लागती, वलावा सोसत न्हाय. आनि आज मेलं म्हून गप बसू नकोस. अंडी ऱ्हात्यात. चार दिसांनी परत, मग परत. महिनाभर सोडू नकोस."

आता शत्रूचं नाव कळलं होतं. बजाबाईला हुरूपच चढला. आजारी कुंडी तिनं आतल्या खोलीत हलवली. जुन्या टॉवेलचे मऊ तुकडे केले, एका पानाला एक. एका हातानं पान खालून तोलायचं, दुसऱ्यानं देठाकडून टोकाकडं पुसत न्यायचं. मग साध्या पाण्यानं धुऊन, पानांच्या मधल्या खाचेत साचलेलं पाणी कापसानं टिपायचं. ते राहिलं तर झाड कुजतं, हे तिला एक कुंडी गमावून आधीच कळलं होतं. ऊन उतरल्यावर कडुनिंबाच्या तेलाचे दोन थेंब साबणाच्या पाण्यात घोळून पानांखाली फवारायची. कुंडीखाली पाण्याचं ताट, त्यात खडे, खड्यांवर कुंडी. उरलेल्या दोन कुंड्यांचीही तिनं झडती घेतली. एकीवर थोडे सापडले. तिचीही रवानगी आत.

कोंडीबाकडं कागदाचं काम आलं. चष्मा लावून तो पत्रिकेवरचे कण मोजायचा.

"किती?"

"एकवीस."

चार दिवसांनी नऊ. पुढच्या खेपेला चौदा, कारण अंडी फुटली होती. त्या दिवशी बजाबाई जेवली नाही, पण फडकं सोडलं नाही. मग पाच. मग एक. आणि मार्चच्या मध्यावर कोंडीबानं कागद तीनदा तिरपा करून बघितला आणि आरोळी ठोकली, "काय न्हाय! एकबी न्हाय!"

सहा कळ्या वाचल्या होत्या. रोज फुगत होत्या, पण रंगाचा पत्ता नाही, हिरव्याच. शेवटी एका लग्नाच्या सकाळी, भटारखान्यात फोडण्या पडत असताना, पहिली कळी उमलली. पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र, आणि मधल्या जिभेसारख्या पाकळीवर डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग.

"आपन दोघंबी हरलो!" बजाबाई हसत, रडत म्हणाली आणि बाहेर धावली. स्टेजवर झेंडू लावणारा सिद्धलिंगप्पा शिडीवरून उतरून आला.

"अय्यो! ही तर मीच टाकलेली! बजाक्का, आजच्या दिवस स्टेजवर द्या की."

"आन् लायटीच्या झळा? न्हाय अण्णा. ज्याला बघायचंय त्यानं हितं यावं."

तिला वाटलं, कोण येतंय! पण सिद्धलिंगप्पानं जाऊन नवरीला सांगितलं. हळदीच्या ओल्या अंगानं, हिरव्या चुड्यात, मागं चार करवल्या घेऊन नवरी त्या लहानशा खोलीत आली आणि फुलासमोर उकिडवी बसली.

"मावशी, हात लावू?"

"लाव गं. फक्त खालून धर."

दिवसभर खोलीत रीघ होती. सगळ्यांना बजाबाईनं पान उलटून दाखवलं, कोळी कुठं दडतो, कागद कसा धरायचा, सगळं उभ्यानं सांगितलं. तिचा आवाज बसला.

पुढं एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या कुंडीवर कोळी फिरून आला. बजाबाईनं टॉवेलचे तुकडे काढले आणि कोंडीबाला हाक मारली, "अवो, चष्मा घ्या आन् या बिगीनं!"