एकोडीहून परतताना वाजणारं चाक

माझे बाबा जवाहरनगरच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळे. घरी हेच काम ते फुकट करत. वरणात मीठ कमी आहे हे आम्हाला जिभेवर कळे, त्यांना ते वाफेवरच कळे. आई म्हणायची, या माणसाला देवाने नाक दिलं ते फक्त खुपसायला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी मोटार घेतली. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत ती एकटीच चारचाकी. घेतली खरं तर आईसाठी. तिचं माहेर एकोडीचं, साकोलीकडे. तिचे वडील ऐंशीला टेकले होते आणि तिचे स्वतःचे गुडघे चाळिशीतच बोलायला लागले होते, एस.टी. बदलत आणि पुढे पायपीट करत जाणं तिला झेपेना. मोटार आल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिघं एकोडीला जाऊ लागलो. तो रविवार जवळ आला की आई घरात कुणावर रागवायची नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, पैसे मागायचे ते त्याच आठवड्यात मागायची.

दोन वर्षं मोटार गुण्यागोविंदाने चालली. मग एका रविवारी एकोडीहून परतताना मागच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. किर्र-कूं, किर्र-कूं. खड्डा आला की जोरात, रस्ता बरा लागला की दबक्या आवाजात. बाबांनी कारध्याच्या पुलाआधी गाडी थांबवून चाकापाशी कान नेला. थांबलेलं चाक काय बोलणार. त्यांनी त्याला एक लाथ घातली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वही निघाली. कारखान्यात नापास मालाची करतात तशी नोंद बाबांनी केली: तारीख, वेळ, रस्ता, आवाजाचा प्रकार. ‘आवाजाचा प्रकार’ या रकान्यात त्यांनी ‘उंदीर’ असं लिहिलं होतं, ते मी स्वतः पाहिलं. मग चाक काढून ब्रेक साफ केला, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं, चाकावरची चकचकीत टोपी काढून माळ्यावर टाकली. शेजारच्या साहेबांचा संशय दारावर होता, म्हणून दाराच्या बिजागऱ्यांनाही तेल मिळालं. भंडाऱ्यापर्यंत जाऊन आले, आवाज नाही. पुढच्या महिन्यात एकोडीला गेलो. जाताना चाक मुकं. येताना पुन्हा किर्र-कूं.

बाबांनी विचार केला की लांबच्या पल्ल्याने चाक तापत असेल. ते एकटेच नागपूरला जाऊन आले. आवाज नाही. वहीत त्यांनी निष्कर्ष लिहिला की दोष एकोडीच्या रस्त्यात आहे, तिथली धूळ चाकात शिरते. आणि जाहीर केलं, “आवाज सापडल्याबिगर गाडी एकोडीले नेत नाही.”

एक महिना गेला. दुसरा गेला. एकोडीचा एक शेतकरी भंडाऱ्याच्या बाजारात आला होता, तो मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे आला. पाणी पिऊन म्हणाला, “म्हातारा रोज विचारते, पोरगी काहून नाही आली म्हनून. रविवारी सकाळपासून सडकेवर खाट टाकून बसते.” तो गेल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. ती घासलेलीच होती. मला बाबांचा फार राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. त्याच शनिवारी बाबा आम्हाला घेऊन वरठी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री बिडी विझवून शांतपणे सगळं ऐकत होता. बाबांनी वही वाचून दाखवली. ‘उंदीर’ आल्यावरही तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. वाचून झाल्यावर त्याने एकच विचारलं. “साहेब, जाताना आवाज नाही, येताना हाय. मंग येताना गाडीत जास्तीचं काय असते?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “जाताना तीन मानसं, येताना तीन मानसं.”

मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती.

इथे बाबांचं एक सांगितलं पाहिजे. लग्नात त्यांनी हुंडा घेतला नव्हता, सायकलसुद्धा परत केली होती, आणि ही गोष्ट खरी होती. पण ती त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की क्वार्टरांतल्या मांजरांनाही पाठ असावी. ‘सासऱ्याच्या घरचा मी दाणा घेतला नाही’, हे त्यातलं शेवटचं वाक्य. आणि इकडे लग्नापासून आमच्या घरी एकोडीच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजत होता. आधी तांदळाचा बोरा, म्हणजे पोतं, एस.टी.च्या टपावरून यायचा, मोटार आल्यापासून डिकीतून. निघताना आजोबा गड्याकडून तो डिकीत ठेववून घेत; उजवीकडे जादा चाक असे, म्हणून डावीकडे. नेमक्या त्या वेळी बाबांना बॉनेट उघडून पाणी पाहायचं असे. घरी आल्यावर बोरा उतरेपर्यंत ते आत किल्ली टांगायला जात. किल्ली टांगायला त्यांना दहा मिनिटं लागत.

मिस्त्रीने पुन्हा विचारलं, “काहीच नसते?”

आता आईने तोंड उघडलं असतं तर परक्यासमोर नवऱ्याचा शब्द खाली पडला असता, आणि त्यांनी रागाने तांदूळच बंद केला असता तर तिच्या बापाकडे लेकीला द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. नसतं उघडलं तर एकोडी बंद. ती काय करते याची मी वाट पाहत होते.

“बोरा असते,” आई म्हणाली. “तांदळाचा. माह्या बापाच्या घरचा. डाव्या बाजूले.”

मिस्त्रीने बाबांकडे पाहण्याचं टाळलं. तो आणि त्याच्याकडे चहा प्यायला आलेला एक जाडजूड गृहस्थ डिकीत डाव्या बाजूला पाय बाहेर सोडून बसले आणि म्हणाले, चालवा साहेब. दहा पावलांत चाक बोललं. दोष चाकात नव्हताच. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाशी रबराचा बुश असतो, तो झिजला होता. त्या कोपऱ्यावर वजन आलं की तो रडायचा. “नवा बुश नागपूरहून आनावा लागन. तवर बोरा पुढं ठेवा,” मिस्त्री म्हणाला. बाबांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकोडीला गेलो. आजोबा खाटेवरून उठले, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती बारीक झाल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. जेवणं झाली. निघताना गडी बोरा घेऊन डिकीकडे निघाला. बाबा बॉनेटकडे गेले, थांबले, आणि परत फिरले.

“मामाजी, मांगं नका ठेवू. पुढच्या सीटवर ठेवा.”

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले. “वीस वर्सं झाले जवाईबापू, बोरे भरून राहिलो. आज दिसला तुमाले.”

बाबांची मान खाली गेली. “दिसत होता जी,” ते म्हणाले. “पन दिसला म्हनलं असतं तर नाही म्हनावं लागलं असतं. तुमाले नाही कसं म्हनू?”

मला हे फार आवडलं. आजोबांनाही आवडलं असावं, त्यांनी डोळे पुसले. मी आईकडे पाहिलं, तिलाही भरून आलं असेल या आशेने. आई गाडीच्या दाराला धरून उभी होती.

“दिसत होता,” ती म्हणाली, “मंग दोन महिने मले घरी काहून बसवलं?”

बाबांनी बोऱ्याचं एक टोक धरलं, गड्याने दुसरं, आणि दोघांनी मिळून तो पुढच्या सीटवर नीट बसवला. मग बाबा स्टिअरिंगमागे बसले आणि आई आत येऊन बसेपर्यंत समोर पाहत राहिले.