पाडव्याचे सांधे

राजेश्रीला राग यायला वेळ लागत नाही, हे मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याचा फोन आला, की वजनाचा प्रोग्रॅम अडलाय हे सांगण्याआधी तो “ताई, आधी ऐकून तर घ्या” एवढं म्हणून घेतो. पण तिचा राग येतो तसा जातोही, आणि जाताना काम उरकून जातो.

ती मूळची चारठाण्याची. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. तोवर ती मामाकडे राहून शिकली. जिंतूरला कॉलेज केलं, संगणकाची पदवी घेतली, लग्न होऊन मानवतला आली आणि हळद निघायच्या आत किशनरावांच्या दुकानात कामाला लागली. नवरा जीवन एसटीत कंडक्टर. “बायको तिकडं बटनं दाबती, मी हिकडं घंटी मारतो,” असं तो पाहुण्यांना कौतुकानं सांगतो.

किशनराव जुने अडते. कापसाच्या हिशेबाचा ताप झाला म्हणून त्यांनी तिच्याकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतला. तो शेजाऱ्यानं मागितला, मग जिनिंगवाल्यांनी मागितला, आणि बघता बघता अडत मागं पडून सॉफ्टवेअरचं दुकान पुढं आलं. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कापसातला ओलावा आणि त्याची कपात, सगळं त्यात. कोड जवळजवळ सारा राजेश्रीच्या हातचा. किशनरावांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पाडवा कळतो.

अडत्याकडे दिवाळी पाडव्याला नवी वही निघते आणि जुनी बांधून माळ्यावर जाते. मग सॉफ्टवेअरला वेगळा न्याय कशाला? दर पाडव्याला ते संगणकाला हळदकुंकू वाहायचे, जुन्या फोल्डरातला कोड जसाच्या तसा नव्या फोल्डरात उतरवायचे आणि स्वतःच्या बोटानं, स्वतःच्या नावानं सबव्हर्जनमध्ये चढवायचे. सबव्हर्जन म्हणजे कोणती ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद ठेवणारी जुनी व्यवस्था. तिला काय ठाऊक मुहूर्त? नवं म्हणून दिलेलं ती नवंच धरायची. मागचा सगळा इतिहास दर पाडव्याला मागच्या फोल्डरात राहून जायचा. खरं तर राजेश्रीनं हटकायला हवं होतं, पण तिलाही ते रीतीला धरूनच वाटत होतं.

यंदा पुण्याच्या एका कंपनीला हे सॉफ्टवेअर राज्यभरच्या जिनिंगना द्यायचं मनात आलं. अट साधी होती. सबव्हर्जन आता मागं पडलं. कोड त्याच्या इतिहासासकट गिटमध्ये आणून द्या. गिटही नोंदीच ठेवतं, पण आजकाल सगळीकडे तेच चालतं. राजेश्रीनं चालू सालाचं फोल्डर गिटमध्ये आणलं आणि पाठवून दिलं.

मग व्हिडिओ कॉल आला. तिकडून बोलत होता शिवप्रसाद, कोड तपासणारा इंजिनिअर. त्याच्या आजूबाजूला कंपनीची बरीच मंडळी बसली होती.

“मॅडम, हा सगळा कोड गेल्या पाडव्याला एका दिवसात आलाय. तोही किशनरावांच्या नावानं. आणि त्यांना तर कोड येत नाही. मग हा आणला कुठून?”

किशनरावांचा चेहरा खर्रकन उतरला. उभ्या जन्मात त्यांच्या काट्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

“आमी चोरलाय म्हणायलाव का तुमी?” राजेश्री उसळली.

“तसं मी म्हटलं नाही. पण खरं काय ते दाखवा. नाहीतर आम्हाला पुढं जाता येणार नाही.”

मोंढ्यात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ? संध्याकाळपर्यंत “चोरीचा माल हाय म्हणं” अशी कुजबुज सुरू झाली. राजेश्रीला सौदा हुकण्याचं दुःख नव्हतं. आपण राबून पिकवलेलं कुणी दुसऱ्याच्या वावरातून उचललं म्हणावं, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन चांगली रडली, तोंड धुतलं आणि कामाला बसली.

“तुकडे हायत काका,” ती किशनरावांना म्हणाली. “मोडलं न्हाई काही. सांधायचं हाय.”

तिनं प्रत्येक सालाचं फोल्डर वेगळं गिटमध्ये आणलं. मग प्रत्येक सालाची पहिली नोंद मागच्या सालाच्या शेवटच्या नोंदीला जोडायला घेतली. गिटचा एक गुण इथं कामाला आला. फोल्डर नवं की जुनं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, ते आतला मजकूर पाहतं. सांध्याच्या दोन्ही अंगांना मजकूर तोच दिसला, की ओळीचा खरा लिहिणारा शोधायला ते आणखी मागं जातं. एकच कटकट होती. पाडवा झाल्यावरही जुन्या फोल्डरांत कुणीकुणी किडुकमिडुक दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या. म्हणून तिनं प्रत्येक सालाला पुढच्या पाडव्याशी कात्री लावली, त्यानंतरच्या नोंदी सोडून दिल्या.

सांधे बसू लागले. एकेका ओळीवरचं किशनरावांचं नाव जाऊन तिथं राजेश्रीचं येऊ लागलं, तशी ती स्वतःशीच हसू लागली. आणि घोडं अडलं. ओलाव्याची कपात, ज्या कोडासाठी पुणेकर आले होते तोच, अजून किशनरावांच्या नावावर, एका दिवसात लिहिलेला. बाळंतपणाला माहेरी गेली असताना तो तिनं लिहिला होता, पोराला मांडीवर घेऊन. आणि नेमकं त्याच सालाचं फोल्डर कुठंच दिसेना.

“कुणी पुसलं हे फोल्डर?” ती कडाडली. “माझं एवढं काम गेलं की!”

किशनरावांनी बोटांवर सालं मोजली.

“पुसलं न्हाई माय. काढलंच न्हाई. त्या साली माझी आई गेली न्हाई का? दुखवट्यात कुठला पाडवा अन् कुठली पूजा?”

राजेश्रीनं कपाळावर हात मारला. नवं फोल्डर निघालंच नव्हतं, म्हणजे काम आधीच्याच फोल्डरात आणखी एक साल चालू राहिलं होतं. आणि तिनं ते किडुकमिडुक समजून कापून टाकलं होतं.

“कात्री मीच लावली की!”

त्या एका फोल्डराची कात्री तिनं एक पाडवा पुढं सरकवली आणि सांधा पुन्हा बसवला. ओलाव्याच्या सगळ्या ओळींवर तिचं नाव उभं राहिलं. ती खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवू लागली.

पुढच्या कॉलला ती इस्त्रीची साडी नेसून बसली.

“तुमीच सांगा, कोणती ओळ बघायची,” ती शिवप्रसादला म्हणाली.

त्यानं ओलाव्याची कपात मागितली. राजेश्री. वजनाचा भाग मागितला. राजेश्री. मग तो पडद्यावर मागं मागं जात राहिला, थेट पहिल्या सालापर्यंत, आणि तिथली एक नोंद मोठ्यानं वाचली: “रिकाम्या गाडीचं वजन उणे येत होतं. दुरुस्त केलं.”

“पण दर पाडव्याला किशनरावांची एक नोंद आहे,” तो म्हणाला. “तिच्यात तर काहीच बदललेलं नाही.”

“बदलंल कसं? ती पूजा हाय.”

पलीकडची मंडळी खळखळून हसली. शिवप्रसादही हसला. “ठीक आहे मॅडम, माझी शंका मिटली.”

“मिटली म्हणून भागायचं न्हाई,” राजेश्री म्हणाली. “सगळ्यांपुढं काढली होती. सगळ्यांपुढं मागं घ्या.”

शिवप्रसाद सरळ मनाचा निघाला. तो सावरून बसला आणि म्हणाला, “हे काम मानवतचं आहे आणि राजेश्री मॅडमचं आहे. मी चुकीची शंका घेतली. माफ करा. आणि हे पुढंही तुम्हीच सांभाळा, मानवतला बसून.”

कॉल संपला. किशनरावांनी डोळे पुसले, तेही न लपवता.

“नाव राखलंस माय.”

“राखलं न्हाई काका,” राजेश्री म्हणाली. “ते व्हतंच. मी नुसतं दाखवलं.”