ग्रुपवरचा अंगठा

मी कोणाला अंगठा देत नाही. समाजाच्या ग्रुपवर सकाळी देवाचा फोटो येतो, कोणाच्या नातवाचा वाढदिवस येतो, अध्यक्षांचा सत्कार येतो, आणि त्याखाली पिवळ्या अंगठ्यांची रांग लागते. त्या रांगेत माझा अंगठा कधी दिसायचा नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा, लोकांना वाटतं तुम्हाला माज आहे." मी म्हणायचो, "आहेच."

त्याला कारण आहे. सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये लागलो तेव्हा माझी शाळा दुसरीपर्यंतची. पगाराच्या खिडकीत कारकून माझ्याकडे न बघताच शाईचा पॅड पुढं सरकवायचा. खान्देशातून आलाय म्हणजे अंगठाच, असं त्यानं धरून ठेवलेलं. मला ते फार डाचायचं. बायको सातवी शिकलेली होती, तिनं मला सही शिकवली. मशीनवर कापड चढेपर्यंत मी कच्च्या ताग्याच्या टोकावर खडूनं तीच सही गिरवायचो, आणि ती रंगात बुडून जायची. मग एका पगाराला मी तो पॅड कारकुनाकडं परत ढकलला आणि सही केली. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यावर मी आजवर जगलोय म्हटलं तरी चालेल.

वाचायला मात्र मला वेळ लागतो. अक्षराला अक्षर जोडत जावं लागतं, आणि ओळीच्या शेवटी गेलो की सुरुवात विसरतो. हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. मी पेपर घेऊन ओट्यावर बसायचो आणि लोक मला वाचणारा माणूस समजायचे.

मिलमध्ये मशीनवर माझा एक जोडीदार होता. दोघांनी मिळून रंगाची वाफ खाल्ली. त्याच्या छातीनं ती सहन केली नाही, तो लवकर गेला. मागे बायको आणि एक लहान मुलगी. वहिनीनं घरी साड्यांना लेस लावून ती मुलगी मोठी केली, शिकवली. तिचं लग्न सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका मुलाशी ठरलं. तोही आपल्याच समाजातला, बाप लूमवर आयुष्य काढलेला. वहिनी माझ्या घरी आली आणि म्हणाली, "भाऊजी, कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. यांच्या जागी दुसरं कोणी मला चालणार नाही." मी हो म्हटलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीला हळद लागली. आमच्याकडं सवाष्णी हळद लावतात, विधवा आई लांब उभी राहते. वहिनीही भिंतीला टेकून उभी होती. मुलीनं एकदम उठून आईचा हात धरला, हळदीच्या वाटीत बुडवला आणि स्वतःच्या गालाला लावला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग कोणीतरी हसलं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि वेळ निघून गेली. मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. पण ते त्यांच्या घरात होतं, तिथंच राहिलं असतं. मुलीनं त्याचा फोटो मोबाईलवर लावला, सगळ्या जगाला दिसेल असा.

दुपारी जेवून मी आडवा झालो होतो. मुलगा कामावरून लवकर आला. तो कापड मार्केटमध्ये पॅकिंगला आहे, असा भर दुपारी कधी येत नाही. माझ्यासमोर फोन धरून उभा राहिला.

"बाबा, हे बघा."

"तूच वाच. चष्मा नाही माझ्याजवळ."

चष्मा नाकावरच होता. त्यानं वाचून दाखवलं. समाजाच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं, की एका विधवा बाईनं नवरीला हळद लावून समाजाला मान खाली घालायला लावली आहे, वर फोटो टाकून गाजावाजा केला आहे. उद्याच्या लग्नाला कोणीही जाऊ नये. सहमत असणाऱ्यांनी अंगठा द्यावा.

खाली अंगठेच अंगठे. मुलगा बोटानं वर सरकवत होता तरी संपेनात. ज्यांना हळद माहीत नाही, वहिनी माहीत नाही, त्यांचेही. हजीऱ्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरांचे होते, गावी जाऊन बसलेल्या म्हाताऱ्यांचेही होते.

"तुझा कुठाय यात?" मी विचारलं.

त्यानं फोन खिशात घातला.

"दिलास?"

"बाबा, समजून घ्या ना. दुकानातले सगळे त्या ग्रुपात आहेत. सगळ्यांनी माझ्यासमोर दिला. मी एकटाच राहिलो असतो." मग हळूच म्हणाला, "अध्यक्ष म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसाचा पाहिजे. संध्याकाळपर्यंत. ज्यांचा नाही त्यांना ग्रुपमधून काढणार."

"काढू दे."

"पुढंमागं आपल्या घरातल्या पोरीचं लग्न करायचं आहे. तेव्हा हेच लोक लागतील ना? तुम्हाला तरी ते हळद लावणं कुठं पटलंय? तुम्हीच सकाळी तोंड वाकडं करून घरी आलात."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "नाही पटलं तर मी वहिनीला तोंडावर सांगेन. अंगठा देणार नाही. मी सही करणारा माणूस आहे."

माझी बायको आतून तांदूळ निवडत ऐकत होती. ती घरात अजून अहिराणीच बोलते. म्हणाली, "तिना हातनी हयद लागनी ते तिनी आंडेर मरी जाई का?" आंडेर म्हणजे मुलगी. मग मुलाकडं वळली, "आनि तुनं लगीन व्हतं तवय त्या मायनी पुऱ्या लाट्या रात्रभर. इसरना का?"

मुलगा वाईट नाही. भित्रा आहे, आणि मार्केटात भित्र्या माणसाचंच चालतं.

तेवढ्यात वहिनी दारात आली. पायात चप्पल नाही, बोटांना हळद तशीच, हातात मुलीचा फोन. मला वाटलं ती ग्रुपचं सांगायला आली असेल. ती म्हणाली, "भाऊजी, व्याह्यांनीपण दिला."

मला कळेना. मुलानं फोन घेतला, बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. त्या रांगेत मधेच नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव होतं आणि नावापुढं अंगठा. स्वतःच्या मुलाच्या लग्नाला कोणी जाऊ नये म्हणून बापाचा अंगठा! त्याच्याखाली टाळ्या वाजवणारे हात, फुलं, काय काय.

"फोन उचलत नाहीत," वहिनी म्हणाली. "जावईपण उचलत नाहीत. पोरगी हळदीच्या अंगानं तशीच बसलीये." रडली नाही ती. दाराची चौकट धरून उभी राहिली एवढंच.

मी सदरा घातला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथं गेलात तर उद्या सगळ्यांना कळेल." मी म्हटलं, "मग गाडी काढ, लवकर कळेल." त्यानं गाडी काढली नाही. मी रिक्षा केली.

पर्वत पाटियाला त्यांच्या गल्लीत मांडव पडला होता. पण मांडवात माणूस नव्हतं. खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. नवरा मुलगा आतल्या खोलीत हळदीच्या कपड्यात बसलेला. मला बघून उठला. मी विचारलं, "उद्या येतोस ना?" तो म्हणाला, "बाबांना विचारा." एवढा शिकलेला मुलगा, आणि बाबांना विचारा!

बाप गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. माझ्यापेक्षा वयानं थोडा लहान. मला बघून उठला नाही.

"व्याही," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"दादा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. अंगठा का दिला ते सांगा."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "सगळ्यांचे येत होते म्हणून दिला. मी रोज देतो. देवाला देतो, वाढदिवसाला देतो. एकदा मयताच्या बातमीला दिला होता, तेव्हा पोरगं ओरडलं माझ्यावर. मला कुठं वाचता येतं, दादा? खाली अंगठे दिसले की मीही दाबतो."

मला हसू आलं. "मग झालं तर! सांगून टाका, चुकून गेला."

तो हसला नाही. खिशातून फोन काढून त्यानं माझ्या हातात दिला. "हे ऐका."

अध्यक्षांचा आवाज होता. ते म्हणत होते, की पोराच्या लग्नापेक्षा समाज मोठा मानणारा असा बाप सुरतेत दुसरा नाही, पुढच्या मेळाव्यात व्यासपीठावर शाल घालून सत्कार करू. त्यानंतर दुसऱ्या कोणाचा आवाज, मग तिसऱ्याचा. सगळे त्याला नावासकट साहेब म्हणत होते.

"तीस वर्षं लूम चालवला," तो म्हणाला. "शेठनं कधी नाव घेतलं नाही, नंबरानं हाक मारायचा. आज एका दिवसात कितीजणांचे फोन. मला माणूस म्हणून कोणी विचारलं नव्हतं, दादा." मग म्हणाला, "आता सांगू, की मला वाचताच येत नाही? पोराच्या हळदीच्या दिवशी? सगळी सुरत हसेल."

"आणि ती मुलगी?"

"दुसरं स्थळ मिळेल तिला. शिकलेली आहे."

माझा हात शिवशिवला. त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं, खरंच वाटलं. पण तो फोन अजून माझ्या हातात होता, आणि तो त्या फोनकडं असा बघत होता, जसा कोणी भुकेला ताटाकडं बघतो. शिव्या देऊन हा उठणार नाही, हे मला कळलं. समजावलं तरी नाही. त्याला इथून बाहेर पडायला दार पाहिजे होतं, आणि ते उघडलं तरी लाज त्याच्या अंगावर पडायला नको होती. मग ती पडणार कोणाच्या अंगावर, हे मला दिसत होतं. मी थोडा वेळ टाकीला टेकून उभा राहिलो. माझं मन तयार होईना. कारकुनाची ती वर झालेली मान मला आठवत होती.

"आवाज कुठं दाबून पाठवतात?" मी विचारलं.

"काय करता दादा?"

"दाखवा."

त्यानं दाखवलं. मी बटण धरून ठेवलं आणि बोललो. आधी माझं गाव, माझं नाव. मग म्हटलं, "या फोनवरून आज जो अंगठा गेला, तो व्याह्यांचा नाही. तेव्हा मी इथं बसलो होतो, फोन माझ्या हातात होता. काय लिहिलंय ते मला कळलं नाही, कारण मला वाचता येत नाही. सगळ्यांचे अंगठे दिसले, मी दाबला. अंगठाछाप माणूस आहे मी, माफ करा. व्याही हळदीत होते, त्यांना आत्ता कळलं. लग्न उद्याच आहे, ठरल्या वेळेला. ज्यांना यायचं त्यांनी या."

बटण सोडलं. गेला.

व्याही तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि रागही होता. त्यांचं कौतुक मी काढून घेतलं होतं. पण ते काही बोलायच्या आत फोन वाजायला लागला. टुण, टुण, टुण. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. कोणीतरी लिहिलं, ते व्याह्यांच्या मुलानं वर येऊन वाचलं, की काकांच्या हातात मोबाईल देऊ नका रे कोणी. आणखी एकानं विचारलं होतं, मग ओट्यावर पेपर धरून काय बघतात, फोटो?

मुलगा वाचता वाचता थांबला आणि बापाकडं बघून म्हणाला, "मग उद्या जायचं ना, बाबा?"

"मी कधी नाही म्हटलं होतं?" बाप जोरात म्हणाला. "खुर्च्या मांड खाली. चालसे, चालेल सगळं, बघून घेऊ."

घरी आलो तेव्हा मुलगा दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. "एवढी वर्षं सही सही करत आम्हाला नाचवलंत, आणि आज स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगून बसलात," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चप्पल काढली आणि बायकोला सांगितलं, "वहिनीला सांगून ये, जावई येतोय." संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. मला जेवण गेलं नाही. हसणं सोपं नसतं पचवायला, कोणाला वाटत असेल तर वाटो.

लग्नाला हॉल अर्धा भरला. अंगठा दिलेले काहीजण आले होते, फोन खिशात ठेवून, फोटोत येऊ नये म्हणून खांबाच्या मागं बसून जेवले. माझा मुलगा आला, वाढायला उभा राहिला. एकदोघांनी माझ्याकडं बघून अंगठा दाखवला आणि हसले. मी ताठ बसलो. कन्यादानाला मी आणि बायको बसलो, वहिनी बायकोच्या खांद्याला हात लावून मागं उभी राहिली. तिला कोणी बाजूला हो म्हटलं नाही, मीही नाही.

मग व्याह्यांची भेट. हार घातले, गळाभेट घेतली. बँड इतक्या जोरात वाजत होता की काही ऐकू येत नव्हतं. व्याह्यांनी तोंड माझ्या कानाला लावलं.

"दादा," ते म्हणाले, "त्या टाळ्या आणि ती फुलं अजून फोनात आहेत माझ्या. अध्यक्षांचा आवाजपण. पुसल्या नाहीत मी."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि त्यांचा हार एका बाजूला सरकला होता तो सरळ केला.