भरल्या पोटी ठरलेलं उपोषण

मेंदूचं शास्त्र मी जन्मात एकदाच वापरलं, तेही भुट्ट्याच्या किसातून.

तेव्हा इंदूरच्या कापडमिल्स एकेक करून बंद पडत होत्या. आमच्या ह्यांच्या मिललाही कुलूप लागलं. (टीव्हीवर मात्र रोज नव्या शाम्पूची जाहिरात!) मिल उघडावी म्हणून फाटकासमोर उपोषण करायचं का, यावर कामगारांचं मतदान ठरलं. कुठे? आमच्याच अंगणात! आणि ह्यांना शुगर. जेवायला जरा उशीर झाला की हातपाय थरथरायचे, अन् निघाले उपोषणाला!

माझी भाची मंजू मेडिकलला शिकत होती. तिला म्हटलं, "अगं, ह्यांना आवरायचं कसं?"

"मावशी, माणूस भाषण ऐकून मत देतो असं नाही. शरीराची जी अवस्था असेल, तिच्यावर मेंदू ठरवून टाकतो, कारणं मागाहून शोधतो. आता उपाशी मेंदू चिडतो, भांडायला उठतो. पण..."

"बस, समझ गई!" मी उठलेच.

उपाशी माणूस भांडतो, म्हणजे जेवलेला गुपचूप घरी जाऊन झोपेल! मतदानाच्या दिवशी मका किसून पातेलंभर कीस केला, वर शेव, लिंबू. "लो भिया, थोडा और लो!" करत सगळ्यांना गळ्यापर्यंत वाढलं. मग शेजारचे काशीनाथजी तिसरी प्लेट सांभाळत म्हणाले, "बोला, उपोषणाला कोण कोण तयार?"

सगळे हात वर! साधी चतुर्थी ज्यांना झेपत नाही, त्यांचेसुद्धा!

"एक दिन क्या, हफ्ताभर बैठेंगे!" एकजण ढेकर देऊन गरजला. ह्यांनी तर दोन्ही हात वर केले!

मी मंजूला कोपऱ्यात ओढलं. "हे काय गं?"

"भरल्या पोटाच्या मेंदूला भूक आठवतच नाही, मावशी. तेच पुढे सांगत होते, तर तू मका किसायला पळालीस!"

आता काय करावं? मी भर सभेत उभी राहिले. "ह्यांना शुगर आहे. ह्यांच्या जागी मी बसते!"

टाळ्याच टाळ्या! एवढी हिंमत कुठून आली म्हणता? अहो, मीठ बघता बघता अर्धा कीस मीच चाखला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकासमोर सतरंजीवर मी, गळ्यात हार. पेपरवाला फोटो काढायला आला. "वाह ताईजी, क्या दर्द है चेहरे पर! पूरी मिल का दुख दिख रहा है!"

त्या बिचाऱ्याला काय सांगू? समोरच्या हातगाडीवर कचोऱ्या तळणं चाललं होतं, आणि कढईपाशी आमचे हे उभे होते. शुगर सांभाळत. दुसरी कचोरी हातात!